सत्ताविसाव्या वर्षी दातांना तारा

...आणि वर तोंड करून म्हणतात काय, तर "चांगले तर होते की!" अहो, चांगले? माझे दात? सत्तावीस वर्षं या तोंडात मी काय सांभाळलंय ते मला विचारा ना! समोरचा एक दात असा पुढे आलेला, की जणू दार उघडायला निघालाय, दुसरा त्याच्या पाठीमागे लपलेला, आणि सुळा तर थेट माळ्यावर चढून बसलेला! आणि हे मला सांगितलं कुणी? आरशाने? छे, आरसा बिचारा गप्प असतो. घरच्यांनीच सांगितलं की! मी आठ वर्षांची असताना मावसभावाने माझं नाव 'किसणी' ठेवलं, ते असं चिकटलं की पाहुण्यांना माझं खरं नाव मुद्दाम सांगावं लागायचं. आत्या फोटो काढताना म्हणायची, "तू जरा ओठ मिटून हस गं बाळा." ओठ मिटून हसा! करून बघा बरं एकदा... बघा, बघा... पोट दुखत असल्यासारखं दिसतं की नाही? आमच्या अल्बमात माझे पन्नास फोटो असतील, पन्नासांत माझं पोट दुखतंय!

तर तुम्हाला सांगते, सत्तावीस पुरी झाली त्या दिवशी ठरवलं, बस्स झालं. तारा लावायच्या. लग्नासाठी नाही, कुणाला दाखवायला नाही, मला एकदा, एकदाच, तोंडावर हात न ठेवता खदाखदा हसायचंय. जेवताना जाहीर केलं. आई म्हणाली, "अगं, कशाला? चांगले तर होते की!" आत्याला फोनवर कळलं. "अगोबाई! चांगले तर होते की!" आणि किसणी म्हणणारा तो मावसभाव? तोसुद्धा! "काय गं, उगाच... चांगले तर होते!" अरे, मग वीस वर्षं किसणी कुणाला म्हणत होतास? भिंतीला?

बाबा तेवढे ताट उचलून हात धुवायला गेले. आणि खरा राग मला त्यांचाच! का, ते ऐका. बाबांचं शिवणाचं दुकान, मीही तिथेच असते, कापड ते बेततात, शिवते मी. आणि हे दात कुणाचे? त्यांचेच! जसेच्या तसे, माळ्यावरच्या सुळ्यासकट! मी बारा वर्षांची असताना शाळेत दात तपासायला बाई आल्या होत्या, त्यांनी चिठ्ठी दिली, आत्ताच तारा लावा, वर्ष-दीड वर्षात सरळ होतील. मी पळत दुकानात गेले, चिठ्ठी बाबांच्या हातात दिली. त्यांनी वाचली, घडी घातली, खिशात ठेवली. आणि काय म्हणाले? "शिवण सरळ हवी बाळा, दातांचं काय!" संपला विषय! पंधरा वर्षं संपला!

म्हणून मी दुसरंही एक ठरवलं. ज्या दिवशी तारा निघतील त्या दिवशी बाबांसमोर उभं राहायचं आणि सुनावायचं. सगळं! भाषण तयार केलं, पाठ केलं. मशीन चालू असलं की म्हणून बघायची... "बाबा, तुम्हाला कुणी अधिकार दिला..." अशी सुरुवात होती. जोरदार होती हो.

दवाखान्यात गेले, तर बाहेर सगळी पोरंच पोरं. खुर्च्या अशा बुटक्या, की बसलं की गुडघे कानाला लागावेत. शेजारची दहा वर्षांची मुलगी मला विचारते, "काकू, तुमचं बाळ आत गेलंय का?" मी म्हटलं, मीच बाळ! आत डॉक्टर म्हणे, "थोडंसंच दुखेल हं." डॉक्टरांचं थोडंसं! आठवडाभर मी केळंसुद्धा चावून खाल्लं नाही, गिळलं! आणि यांना गप्पा कधी सुचाव्यात? तोंडात दोन आरसे, एक नळी आणि त्यांची चार बोटं असताना. "मग, आपण काय करता?" "आँ आँ." "अरे वा, छान!" काय छान?

पण खरा घोळ झाला दुकानात. आता आमच्या धंद्यात काय असतं, कात्री हाताशी असते, पण दोरा तोडायचा तो दातानेच. बाबाही तसेच, मीही तशीच, आणि माझा तो पुढे आलेला दात त्या कामात उस्ताद! बँकेतले एक साहेब कोट घालून बघत होते. छातीवरचं बटण सैल वाटलं, म्हटलं, काढू नका, अंगावरच टाचते. टाचलं, सवयीने वाकले, दोरा दाताने तोडायला गेले... आणि दोरा अडकला तारेत! एक टोक बटणात, दुसरं माझ्या तोंडात. ओढावं तर तार उपटते, सोडावं तर सुटत नाही. साहेब हात वर करून उभे, मी त्यांच्या छातीला तोंड लावून उभी... आणि त्याच क्षणी आत कोण आलं? साहेबांची बायको! "हे काय चाललंय?" आता मी काय सांगणार? "आँ! आँ आँ!" साहेब म्हणतात, "अगं, मी काही केलेलं नाही!" कुणी विचारलं होतं तुम्हाला? बाबांनी कात्री आणून दोरा कापला, मग बाईंना खुलासा झाला. त्यांनी माझ्या तोंडात डोकावून पाहिलं आणि म्हणतात कशा, "अगं वेडे, चांगले तर होते की!" बाई! तुम्ही मला आज पहिल्यांदा बघताय!

अशी दोन वर्षं काढली, फक्त त्या भाषणाच्या जोरावर. आणि परवा निघाल्या तारा! जीभ फिरवली, अख्खी ओळ गुळगुळीत. डोळ्यांत पाणी आलं हो, खोटं का सांगू. आता दुकानात जायचं आणि सुरू करायचं, म्हणून तरातरा बाहेर आले... तर शेजारच्या खोलीचं दार उघडलं आणि आतून कोण बाहेर आलं? बाबा! बटणं आणायला जातो म्हणून सकाळी निघालेले बाबा! मला बघून जागीच थबकले. हळूच ओठ उघडले. तारा! एकोणसाठाव्या वर्षी, वरखाली, चकचकीत!

मी काही बोलायच्या आतच ते म्हणाले, "तुझी ती चिठ्ठी घेऊन मी एकदा दवाखान्याच्या दारापर्यंत गेलो होतो गं. एकटाच. म्हटलं, तुला घेऊन आत गेलो की डॉक्टर आधी मलाच म्हणणार, तुम्ही आ करा. लाज वाटली. परत फिरलो... चुकलंच माझं."

आता सांगा! माणसाने असं करावं? माझा दोन वर्षांचा पाठांतराचा राग, एकेक शब्द घासून ठेवलेला... सोडते की काय मी? केली सुरुवात! "बाबा, तुम्हाला..." इथपर्यंत अगदी बरोबर आले, आवाजही चढवला... आणि पुढे काय निघालं तोंडातून?

"...तुम्हाला तार कुठे टोचतेय का? आ करा बघू."