बिनआवाजाची गाडी

विजेच्या गाडीतून चक्कर मारायला आपला नंबर कधी लागतोय, म्हणून शिंपी आडनावाचा एक तरुण शोरूमच्या बाकावर ताटकळला होता. शेजारच्या आजी-आजोबांचं बोलणं कानावर पडलं, तसा त्याने मोबाइल खिशात टाकला.

"अगं, आपली जुनी काय वाईट आहे?"

"किती खडखडते. माझं बोलणं तुम्हाला धड ऐकू येत नाही."

"म्हणून तर मी सगळ्याला हो म्हणतो."

"ठाऊक आहे. म्हणून तर मी सगळं गाडीतच विचारायची. माझा पोहण्याचा क्लास, धाकटीने पसंत केलेला मुलगा."

"आणि ही गाडी?"

"परवा चढावर विचारलं. हो म्हणालात."

"मग ही बिनआवाजाची कशाला? तुझीच पंचाईत."

"विचारायचं ते सगळं विचारून झालं, अहो. आता नुसतं बोलायचंय."