हौसाबाईची मिश्री

मंडळी, एक विचारतो, खरं उत्तर द्या. विस्तवाचा चटका बसला की रांगतं पोरही पुन्हा तिकडं फिरकत नाही. मग शहाणीसुरती माणसं तिथंच परत परत हात का घालतात हो? अडाणी म्हणून? नाही! अडाण्याला सांगितलं की कळतं. कळूनही जो मानत नाही, त्याचं दुखणं वेगळं असतं. ऐका.

घाटाखालच्या एका गावात हौसाबाई म्हणून एक बाई होती. तंबाखू तव्यावर काळी भाजून, कुटून मिश्री करावी ती हौसाबाईनंच! दिवस उजाडला की आळीतल्या बायका हिच्या दारात. "दात घट्ट राहत्यात," म्हणायची. — पदराआड हसणाऱ्या आयांनो, मला दिसतंय बरं का! आणि देवळाच्या खांबाला टेकलेल्या तात्यांनीही हसू नये. त्यांची तंबाखूची चंची साऱ्या गावाला ठाऊक आहे.

हौसाबाईला दोन लेकी. थोरली मालन, धाकटी शेवंता. मालन लहानपणी दाढदुखीनं तळमळत होती, तेव्हा आईनंच बोटावर मिश्री घेऊन तिच्या हिरडीला लावली. पोर शांत झोपली. किती मायेनं केलं! पण ती सवय मालनला लागली ती लागलीच, आणि थोरलीचं बघून धाकटीलाही.

पुढं मालनचं लग्न झालं, मुलं झाली, आणि गालाच्या आत जखम झाली. काही केल्या भरेना. तालुक्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी मिश्री बंद करा, आणि उद्याच मोठ्या दवाखान्यात जा."

हौसाबाई फणकारली. "माझी सासू नव्वदीत गेली, एक दात हलला न्हवता. हिला काय कळतंय?"

आणि जखमेवर काय लावलं? मिश्रीच लावली हो. वर्षाच्या आत मालन गेली. शेवटी पाण्याचा घोटही गळ्याखाली उतरत नव्हता.

आता तरी तवा चुलीवरून उतरेल ना? तेरावं झालं, आणि आळीत पुन्हा तोच वास.

शेवंता आईजवळ येऊन बसली. "आई, माझंबी तोंड तिखटानं जळतंय. डॉक्टरीणबाई म्हणत्यात ते खरं असंल का गं? तू हो म्हण, आत्ता सोडते."

मंडळी, त्या घटकेला हौसाबाईला सगळं कळलं होतं. पण हो म्हणायचं म्हणजे काय? मग मालनला कुणी मारलं? त्या एका शब्दाला ती माउली भ्याली. म्हणाली, "मालनचं नशीब हुतं बाई. तुला काय हुतंय?"

लेकीनं आईवर विश्वास ठेवला.

पुढं शेवंताचा अर्धा जबडा काढावा लागला. जीव वाचला, बोलणं गेलं. हौसाबाई तिला चमच्यानं पेज भरवायची. एक दिवस तिनं चमचा खाली ठेवला.

"तू इचारलंस तवाच मला ठावं हुतं, शेवंते. मालनला मी मारली, असं कबूल करायला धीर झाला न्हाई गं."

शेवंतानं आईचा हात धरला आणि दोघी रडल्या.

मला हौसाबाईला नावं ठेववत नाहीत. आपल्याला चूक सोडवत नाही, कारण ती आपण प्रेमानं आपल्याच माणसाच्या हातात दिलेली असते. तुम्हीही दिली असेल. मग त्याच्याजवळ जा, आणि माझं चुकलं म्हणा. देव माफ करील हो, पण गेलेलं माणूस परत देत नाही. चला, आरतीला उभे राहा. आणि ज्याला सांगायचंय तो इथंच शेजारी असेल, तर आरतीपर्यंतही थांबू नका.