पॅक वाळेपर्यंत स्टॉकहोम

—नाही नाही, बोलायचं नाही विहीणबाई! आत्ताच तर लावलाय पॅक, ओला आहे अजून. ओठ हलवलेत की हनुवटीपाशी तडा जातो आणि माझी सगळी मेहनत पाण्यात. डोळ्यांवर कापूस ठेवते हं— गार लागेल— हां. आता वीस मिनिटं मी बोलणार आणि तुम्ही ऐकणार. तीस वर्षं वर्गात तुम्ही बोललात आणि पोरं गप्प बसली, आज भूगोलाच्या बाईंनी गप्प बसायचं. काय? हाताने काय खुणावताय? पैसे? पैशाचं नाव काढा नुसतं, मग बघा! माझ्या जावयाची आई माझ्याच पार्लरमध्ये पैसे देणार, तर मग ही खुर्ची विकून टाकलेली बरी. पडून राहा निवांत. खालची पाटीसुद्धा उलटी करून आलेय मी— ‘बंद आहे’. भर दुपारी बंद! समोरचा औषधवाला बघतच राहिला, त्याला वाटलं आमच्याकडे कुणी गेलं की काय. म्हटलं, गेलं नाही हो कुणी, जायचंय— स्टॉकहोमला, लेकीच्या बाळंतपणाला!

बघा, नुसतं नाव घेतलं तरी हसू फुटतंय मला. अठरा दिवस राहिले, अठरा! पाय जमिनीवर नाहीत माझे. काल एकीचे केस रंगवता रंगवता तिला सांगत होते, अहो चौदा बेटांवर वसलंय म्हणे ते शहर, एका बेटावर राहायचं, दुसऱ्यावर भाजी आणायला जायचं, तिसऱ्यावर दवाखाना— सांगण्याच्या नादात रंग तिच्या कपाळावर गेला, कानावर गेला, मला पत्ताच नाही. पण ती चिडली नाही हो! म्हणाली, बेटं किती म्हणालात? आणि बॅग— बॅग तर मी पाच वेळा भरली आणि पाच वेळा उपसली. आमच्या ह्यांना वजनकाट्यावर उभं करते, हातात बॅग देते आणि मग ह्यांचं वजन वजा करते. काल काटा पुढे गेला म्हणून मी दोन जोडी मोजे काढले, तर हे म्हणतात, अगं, बॅग तेवढीच आहे, मीच जेवून आलोय! हसू नका, हसू नका, तडा जाईल. लोकरीचे मोजे सहा जोड घेतलेत. लेक म्हणते, आई, जून महिन्यात कशाला? म्हटलं, जून असला तरी उत्तरेचा जून आहे बाई. रात्री दहालासुद्धा उजेड असतो म्हणे तिथे. मग बाळाला कळायचं कसं झोपायचं कधी? त्याची आजीच गोंधळणार, तर त्याचं काय!

आणि ऐका, हे ऐकलंयत का तुम्ही— तिकडे तान्ही बाळं थंडीत बाहेर झोपवतात! खरंच! आया आत बसून कॉफी पितात आणि दाराबाहेर बाबागाड्या उभ्या, आत बाळं ढाराढूर. मी नाही हो आत जायची. मला बाहेर स्टूल द्या, मी बाबागाडीला धरून बसेन, लोक हसले तर हसू देत. तसं बाबागाडी असली की बसमध्ये तिकीट पडत नाही म्हणे. म्हटलं, झालं तर मग, बाबागाडीला धरूनच अख्खं शहर बघते! तुमचा मुलगा किती हसला. गुणी आहे हो तुमचा मुलगा, अगदी तोंडावर सांगते— तोंडावर पॅक आहे म्हणून नाही. बाळ झालं की तोही महिनोन्‌महिने सुट्टी घेणार, आंघोळ तो घालणार, रात्री उठणार तो. लेक म्हणत होती, आई, तसं कुणी आलं नाही तरी आमचं निभेल, आणि खोली तर एवढीशी, दोघींपैकी एकीलाच जागा, तेव्हा तुम्ही दोघी आपसात ठरवा आणि कळवा—

कापूस सरकला का? ठेवते नीट.

नाही, म्हणजे... तसं लिहिलं होतं तिनं, मार्चमध्ये. दोघींनी ठरवा म्हणून. मी सांगणारच होते तुम्हाला. दोनदा फोन हातात घेतला होता, शपथ घेते. पण मग वाटलं, तुम्ही म्हणालात ‘मी जाते’, तर? तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला तिथली भाषा नाही आली तरी नकाशे कळतात, लोकांशी रीतसर बोलता येतं, कुणीही म्हणेल ह्यांनाच पाठवा. आणि मग मी— अहो, आता जीभ सैल सुटलीच आहे तर सगळंच सांगते, तुम्हाला उठता येत नाहीये तोवरच सांगते. मी लेकीला कळवलं, ठरलं गं आमचं. विहीणबाईंचे गुडघे दुखतात, एवढा लांबचा विमानप्रवास त्यांना झेपायचा नाही.

कुठले गुडघे! रोज सकाळी टेकडी चढून येत होतात तुम्ही. चक्क थाप मारली मी. आणि पंधरा दिवसांनी काय, तर व्हिडिओ कॉलवर तुम्ही उठताना गुडघ्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, ‘आई गं’. माझ्या हातातून फोन पडायचा तेवढा राहिला. म्हटलं, ही माझी काळी जीभ! लागली बाईंना! तेव्हापासून बघतेय, तुम्ही लंगडताय, टेकडी बंद झाली तुमची. आज जिना चढत होतात ना कठडा धरून, एकेक पायरी, मी वरून बघत होते आणि एकेक पायरी माझ्या छातीवर पडत होती. घरात तुम्ही एकट्या, पाणी द्यायला कुणी नाही, आणि मी इथे मोजे मोजतेय! म्हणून तर बोलावलं हो आज. गुडघ्यांचं पाप चेहऱ्यावर फेडतेय मी, दुसरं काही येतच नाही मला.

का केलं म्हणाल तर... हावरटपणा. हो, सरळ सांगते, हावरटपणाच. माझी लेक पहिलं पाऊल टाकत होती ना, तेव्हा मी ह्याच खुर्चीतल्या एका बाईच्या भुवया कोरत होते, लेकीकडे पाठ करून. ती बाई आरशात बघून म्हणाली, अगंबाई, चालली बघा तुमची मुलगी! धागा दातात होता माझ्या. मी वळेपर्यंत पोर बसलीसुद्धा. परक्या बाईनं पाहिलं आणि मी नाही. पहिला दात? एका नवरीच्या केसात पिना खोचत होते. तिचं सगळं लहानपण मी असं आरशात, तुकड्या-तुकड्यांनी पाहिलं, कुणाच्या तरी डोक्यावरून. मला एक बाळ सबंध बघायचंय हो, विहीणबाई. हातात दुसरं काहीही नसताना. नुसतं बसून. ते जांभई देईल तर ती जांभई पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचीय मला. म्हणून मी तुमचे गुडघे—

अहो, उठताय कुठे? दहा मिनिटं आहेत अजून! रागावलात ना? रागवा, बोला मला, पण पॅक तरी धुऊ द्या, अशा पांढऱ्या तोंडानं रस्त्यावर गेलात तर औषधवाल्याची शुद्ध हरपेल— पिशवी हवीय? खुर्चीखाली गेलीय ती, थांबा, मी काढते, तुम्ही नका वाकू, तुमचे गुडघे— अहो! उकिडव्या बसलात? अशा... सहज?

आणि उठलातसुद्धा. कशालाही न धरता.

थांबा. एक मिनिट थांबा. मला कळू द्या. मुलाने तुम्हाला विचारलं असणार— आई, गुडघे दुखतात म्हणे तुझे. आणि तुम्ही त्याला... हो म्हणालात? नुसती मान हलवू नका, नीट सांगा— नाही, सांगू नका, तोंडावर पॅक वाळलाय तुमच्या. म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं, ही थाप कुणाची. आणि ती उघडी पडू नये म्हणून ते ‘आई गं’? दोन महिने टेकडी बंद? अहो, माझ्या जिन्यावरसुद्धा? तिथे तर मी एकटीच होते बघायला!

हे काय देताय? मला? कागद... नकाशा आहे हा. तुम्ही काढलात? हाताने? काय सुरेख आहे हो! पाणी निळ्या पेन्सिलीनं, पूल लाल... ‘घर. घर ते बसथांबा दोनशे दहा पावले.’ मुलाला मोजायला लावलीत वाटतं! ‘औषधाचे दुकान. आत शिरताच नंबराची चिठ्ठी घ्यावी.’ बरं झालं बाई, मी तर सरळ पुढे घुसले असते. ‘इथे उतार आहे, बाबागाडी दोन्ही हातांनी धरावी.’ अहो, मला आता हरवता येणारच नाही! कधी केलंत एवढं सगळं? घडीवर तर कागद विरलाय, मागून चिकटपट्टी लावलीय... आणि ही तारीख— जानेवारी?

मी मार्चमध्ये थाप मारली. जानेवारीत तर...

‘पाण्याकाठी बाक. सकाळचे ऊन. इथे बाळाला घेऊन मी बसेन.’

‘मी बसेन’वर रेघ आहे. पट्टी लावून मारलेली. वर लिहिलंय— ‘विहीणबाई बसतील’.

मी तिकीट रद्द करते. ऐका माझं, आत्ता करते, लेकीला फोन लावते, सगळं सांगते तिला— कुठे ठेवला मी फोन— सोडा हात. विहीणबाई, सोडा म्हणते ना. अहो—

बरं.

बरं, नाही लावत.

या. मान मागे टाका, पाणी कोमट आहे. डोळे मिटा. मिटा म्हणते ना— माझ्याकडे बघू नका.