दांडी ओढली होती

माझं मूळ जळकोटचंच, इथंच जन्मलो, इथंच म्हातारा झालो. बाप किराणा दुकान चालवायचा, आई अक्कलकोटकडची, ती घरात कानडी बोलायची, बाप बाहेर मराठी बोलायचा आणि गिऱ्हाईक मुसलमान असलं की दखनीत सुरू व्हायचा. ज्या घरात तीन भाषा बोलतात तिथं कुणाला कुणाचं खरं वाटत न्हाय, असं आई म्हणायची. तिचं ऐकून का काय, मला लहानपणापासनं कुणाचंच खरं वाटत न्हाय. हे तुमचं यंत्र चालू हाय ना, सर? दिवा लागलाय, दिसतोय मला, पण दिवा लागला म्हणजे आत काम चालू असतंय असं न्हाय. जरा मागं फिरवून ऐकवा बरं. हां. आता सांगतो. आणि लिहून झालं की मला वाचून दाखवा, माझ्या तोंडचं गोड करू नका, जसं म्हणलो तसंच राहू द्या.

दुकानात माझं मन लागलं न्हाय. बाप गेल्यावर दुकान थोरल्या भावाला दिलं आणि मी मिलिटरीच्या लिलावातली जुनी जीप घेतली. वस्त्यांवरनं माणसं भरायची, हायवेला आणून सोडायची, बाजार झाला की परत न्यायची. तवा आमच्या भागात दहाएक जीपा असतील, पण चारी चाकं ओढणारी एकटी माझी. आता हे समजून घ्या, सर, कारण पुढचं सगळं ह्याच्यावरच हाय. साध्या जीपची मागची दोन चाकं ओढतात, पुढची नुसती फिरतात. माझ्या जीपला मोठ्या गिअरच्या बाजूला दुसरी एक बुटकी दांडी होती, ती ओढली की पुढची चाकंबी ओढायला लागायची. इंजिनाकडनं पुढच्या चाकांकडं एक लोखंडी शाफ्ट जायचा, त्यातनं ती ताकद जायची.

सहा-आठ महिन्यांत कळलं, जीप डिझेल लई पिते. सोलापूरच्या एका मिस्त्रीनं सल्ला दिला की अप्पा, हा पुढचा शाफ्टच काढून टाका, तुम्हाला रोज कुठं लागतोय, गाडी हलकी होईल. सल्ला त्याचा, पण व्हय मी म्हणलो. शाफ्ट काढला, भंगारात घातला. दांडी तशीच ठेवली. दांडी काढायला मिस्त्री तयार होता, मीच म्हणलो राहू दे.

का राहू दिली, ते सांगतो. ओढा आला की मी मोठ्यानं म्हणायचो, धरून बसा रे, चारी चाकं लावतो, आणि दांडी ओढायचो. खडक्कन आवाज यायचा. बायका देवाचं नाव घ्यायच्या आणि जीप वर चढायची. चढायची ती मागच्या दोन चाकांवर आणि वाट कोरडी असायची म्हणून, पण ते मला ठाऊक, त्यांना कुठं? माणसं दुसऱ्याची जीप सोडून माझ्या जीपसाठी थांबायची. बाळंतीण न्यायची असली तरी माझीच. आता ह्यात मी कुणाला फसवलं असं मला तवा वाटलं न्हाय. दांडी ओढतो म्हणलो, ओढली. खोटं कुठं बोललो?

मग माझी पाठ धरली आणि मी ड्रायव्हर ठेवला. रशीद. आमच्याच गल्लीतला, बावीस-तेवीसचा असंल, हात लई हलका, पाण्यानं भरलेली घागर मांडीवर घेऊन बसलात तरी हिंदकळायची न्हाय असं चालवायचा. त्याला मी सगळं शिकवलं, कुठं थांबायचं, कुणाला पुढं बसवायचं. दांडीबी शिकवली. ओढा आला की ओढायची, म्हणलो. ती कशालाच जोडलेली न्हाय हे सांगितलं न्हाय. म्हणलं पोरगं हाय, कुठंतरी बोलून जाईल.

तो दिवस पावसाळ्यातला. सकाळी पाऊस उघडला होता. आमची काळी माती तुम्ही बघितलीया का पावसात? चाकाला अशी लपेटते की चाक दिसतच न्हाय, मातीचा गोळाच गरगर फिरतोय असं वाटतं. बाकीच्या जीपवाल्यांनी त्या दिवशी ओढ्याकडची वाट सोडली आणि लांबच्या रस्त्यानं गेले. रशीद ओढ्याकडनं आला. का आला? दांडीवर भरवसा ठेवून आला. दांडी नसती तर तोबी लांबनंच आला असता, ही गोष्ट मला कितीतरी वर्षांनी सुचली आणि तवापासनं झोपताना रोज सुचते.

चढाला चाकं फिरली, जीप मागं घसरली, आडवी झाली आणि दगडावर कलंडली. भागीरथी मागच्या फळीवर कडंला बसली होती, तिचा पाय खाली आला. आमच्याच भावकीतली, मी तिला वहिनी म्हणतो. पाय राहिला, पण सरळ झाला न्हाय, आजपर्यंत ती गुडघ्यावर हात दाबून चालते.

कळलं तसा मी पळत गेलो. वहिनीला बैलगाडीत घालून नेलं होतं, माणसं गोळा झाली होती, रशीद चिखलात बसला होता आणि एकच म्हणत होता, अप्पा, मैं दांडी खेंच्या था, मैं खेंच्या था ना. मी किल्ली काढायला जीपमध्ये वाकलो. दांडी ओढलेली होती, सर. ह्या डोळ्यांनी बघितली. आणि ह्या हातानं मी ती परत पुढं ढकलली. मग बाहेर आलो आणि सगळ्यांसमोर त्याला विचारलं.

दांडी ओढली न्हाईस व्हय रे?

नुसतं विचारलं. त्यानं ओढली न्हाय असं मी कधीच म्हणलो न्हाय, बघा, इतकी वर्षं मी ह्याच एका गोष्टीवर तगून राहिलो, की मी फक्त विचारलं. दोघं-तिघं आत डोकावले आणि म्हणले, न्हाय की, दांडी तर मागं न्हाय. झालं. रशीदनं उठून बघितलं आणि परत चिखलात जाऊन बसला.

त्याच्यानंतर त्याच्या हातात कुणी किल्ली दिली न्हाय. हायवेला केळीचा गाडा लावला त्यानं, तो अजून हाय. दांडी रशीद हेच त्याचं नाव पडलं. केळी घ्यायला आलेलं माणूसबी म्हणायचं, काय दांडी, डझन कशी? तो हसायचा. मी त्याच्याकडनं केळी घेतली न्हायत कधी. माझी जीप मी वर्षाच्या आत विकली, घेणाऱ्याला दांडी दाखवली, खालनं बघू दिलं न्हाय.

हे सगळं आता कशाला काढलं म्हणाल. नातीमुळं. शिवानी, माझ्या लेकाची मुलगी, जनावरांची डॉक्टर हाय. वस्तीवर कुणाची म्हैस अडली, गाय पडली की हिला फोन. इतके दिवस स्कुटीवर जायची, आता म्हणली, अप्पा, गाडी घ्यायची, छोटीच, पण जरा उंच अशी, हल्ली निघाल्यात ना त्या. त्यात दोन प्रकार. एकात पुढची दोनच चाकं ओढतात, दुसऱ्यात चारी. चारीवालीला पैसे बरेच जास्त. ती मला घेऊन सोलापूरला शोरूमात गेली. म्हणली, तुम्ही जीप चालवलीया, तुम्हाला कळतंय.

तिथला विक्रीवाला पोरगा लई गोड बोलणारा, इस्त्रीचा शर्ट, पहिल्यांदा मला खुर्ची दिली, तवाच मी म्हणलं ह्याच्यापासनं जपून राहावं. त्याला विचारलं, चारी चाकं ओढतात ती दांडी कुठं हाय? तो हसला, म्हणला बाबा, दांडी नसते आता, सगळं आपोआप हाय, एरवी पुढचीच चाकं ओढतात आणि ती घसरायला लागली की गाडीला स्वतःच कळतं, मागच्या चाकांना ताकद जाते. म्हणलं, मला कसं कळायचं गेली का न्हाय ते? तर म्हणला पडद्यावर चित्र येतं. चित्र! मग एक गोल बटण दाखवलं, चिखल, वाळू आणि बर्फ. मी म्हणलो बर्फ आमच्याकडं रसवंतीत असतो, तिथं गाडी घालू का? शिवानीनं मला कोपर मारलं.

मी म्हणलो, गाडी वर उचला, मला खालनं बघायचंय. तो म्हणला बाबा, नवी गाडी हाय, कंपनीची. म्हणलं असू दे. बघितल्याशिवाय मी सोडणार न्हाय असं दिसल्यावर त्यांनी मागं वर्कशॉपात नेऊन तसलीच एक गाडी वर चढवली. मी मान वर करून बघितलं. मागच्या चाकांकडं जाणारा शाफ्ट होता, अगदी नवा, चकचकीत. हात लावून बघितला. शिवानीला हसू आवरेना, म्हणली, झालं का समाधान? आणि मग ती त्या पोराला सांगायला लागली, आमच्या गावात एक दांडी रशीद म्हणून हायत, ओढ्यात दांडी ओढायला विसरले आणि एका बाईचा पाय गेला, अप्पांनी ते बघितलंय म्हणून त्यांना असं होतं. पोरगा लगेच म्हणला, बघा मॅडम, म्हणूनच आपोआप पाहिजे, माणूस विसरतो, ही गाडी विसरत न्हाय.

मी शाफ्टला हात लावून उभा होतो, सर. माझ्या नातीला ही गोष्ट कुणी सांगितली असंल? घरातच ऐकली तिनं, माझ्याच घरात. आता ती सोलापूरला पोचली, उद्या हा पोरगा दुसऱ्या गिऱ्हाईकाला सांगंल.

परत येताना वाटेत चहाला थांबलो, तिथं मी तिला सांगितलं. आधी गाडीचंच सांगितलं. म्हणलं चारी चाकं ओढली तरी टायर गुळगुळीत असंल आणि काळी माती लपेटली तर चारी जागेवरच फिरतात, दोनाच्या जागी चार फिरतात एवढाच फरक. उताराला ब्रेक लावताना तर त्याचा काहीच उपयोग न्हाय. मुरमाच्या चढाला लागतंय ते, खोटं कशाला बोलू, पण तुला तसला चढ कितीदा? आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती असली की माणूस जाऊ नये त्या वाटेला जातंय. ती म्हणली, अप्पा, तुम्ही गाडीबद्दल बोलताय का दुसऱ्याच कशाबद्दल? मग मी बाकीचं सांगितलं. दांडी मागं होती तिथपर्यंत सांगितलं, आणि ढकलली तेबी.

तिनं कप उचलून ठेवला आणि म्हणली, हे मला सांगून काय उपयोग.

दुसऱ्या दिवशी मी रशीदच्या घरी गेलो. गाड्यावर न्हाय गेलो, तिथं माणसं असतात. बघा, त्या दिवशीबी मी हिशेब करूनच गेलो. मनात संशय होता की ह्याला ठाऊक असणार, ड्रायव्हर माणूस, कधीतरी खालनं बघितलं असंल, आणि इतकी वर्षं मनात दाबून ठेवलं असंल. तो शिव्या देईल, चप्पल काढंल, अशी तयारी करून गेलो. मी सांगितलं. तो मग हळूच म्हणला, अप्पा, मेरेकूच लगता था अद्धी खेंच्या हूंगा. त्याला ठाऊक नव्हतं, सर. सगळं गाव म्हणतंय, अप्पा विचारतायत, डोळ्यांना दांडी पुढं दिसली, म्हणून त्याला स्वतःचंच खोटं वाटायला लागलं होतं. आपला हात अर्ध्यात थांबला असंल असं धरून तो म्हातारा झाला.

माझ्याकडं पाठ करून तो आतल्या दाराकडं गेला आणि बायकोला हाक मारली.

सुन री. मैं खेंच्या था.

ती पिठाच्या हातानं बाहेर आली, तिला काही कळलं न्हाय, ती म्हणली क्या हुआ, आणि तो तेच परत म्हणला. मी उठून निघालो तर त्यानं थांबवलं. म्हणला, चलो, वहिनी के पास. रमजान ईदला तो दरवर्षी भागीरथीकडं शीरखुर्मा पाठवायचा, स्वतः कधी गेला न्हाय, हे मला त्या दिवशी वाटेत कळलं.

वहिनीच्या अंगणात मी उभ्यानंच सांगितलं, शेजारची माणसं ऐकत होती, ऐकू दिलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणली, मग इतकी वर्षं मी शिव्या कुणाला घातल्या? रशीदला ती म्हणली, आत ये बाबा, बस. मला ये म्हणली न्हाय. मी थोडा वेळ थांबलो आणि आलो.

शिवानीनं दोन चाकं ओढणारी गाडी घेतली, वाचलेल्या पैशातनं टायर चांगले बसवले, आणि चिखल असला की डांबरीवर गाडी लावून वस्तीवर चालत जाते. माझं ऐकून घेतली असं ती म्हणत न्हाय, महिनाभर सगळ्या वाटा स्कुटीवर फिरून आपली आपण ठरवली म्हणते. तेच बरं. माझ्याशी बोलते, पण पूर्वीसारखं काही विचारत न्हाय.

भागीरथी आता माझ्या दारावरनं जाताना थांबते आणि नाव घेऊन शिव्या घालते. म्हातारी हाय, तोंड कडक हाय, दमते मग जाते. घालू द्या, तिच्या शिव्या पत्त्यावर पोचायला फार वेळ लागला. तुम्ही हे सगळं नावानिशी लिहा. आणि सर, परत जाताना ओढ्याकडची वाट धरू नका, जवळची दिसते पण कालच पाऊस पडलाय. गाडी कसलीबी असू द्या तुमची. डांबरीनं जा, सावकाश जा, सुखरूप घरी पोचा.