गिअरबॉक्समधलं दीड लिटर

...आणि वर मलाच विचारतात, तुला कसला वास येतोय का म्हणून! आता तुम्हीच सांगा, गिअरबॉक्सचं तेल म्हणजे काय अत्तर आहे? सडक्या अंड्यांसारखा वास त्याचा, टॉवेलला यायचा, उशीच्या अभ्र्याला यायचा, एकदा तर यांच्या चष्म्याच्या डबीतून आला. मी म्हटलं, येतोय की. तर आमचे हे पांढरेफटक पडले. म्हणाले, "मी अजून तेलाच्या डब्याचं झाकणसुद्धा उघडलेलं नाही."

तुम्हाला सांगते, सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल या बाईचं डोकं फिरलंय. माझे थोरले दीर, घरात सगळे त्यांना दादाच म्हणायचे, पाच महिन्यांपूर्वी गेले. त्यांची एक स्पोर्ट्स कार होती. दोनच सीट, आणि इतकी बुटकी की आत बसताना कमरेत वाका आणि उतरताना कुणाला तरी हात मागा. त्या दिवशी सकाळी दादांनी गिअरबॉक्सचं तेल बदलायला घेतलं. बुचं काढली, जुनं तेल खाली ट्रेमध्ये गळायला लावलं, हात धुवायला घरात आले, स्वच्छ हात धुतले, टेबलाशी बसले... आणि उठलेच नाहीत.

गाडी पाच महिने तशीच. पोट रिकामं, खाली ट्रेमध्ये काळं तेल, बाजूला फडक्यावर दोन बुचं ओळीने मांडलेली, माणूस आत्ता येऊन लावणार असल्यासारखी. कुणाची हात लावायची छाती होत नव्हती. मग दोन-तीन आठवड्यांपूर्वी माझ्या मोठ्या जाऊबाईंचा, ताईंचा फोन आला. बावीस वर्षं अँब्युलन्स चालवलेली बाई, तिला नवऱ्याने ही गाडी एकदासुद्धा चालवू दिली नव्हती. यांना म्हणाल्या, गाडी विकणार नाही, मीच चालवणार आहे, तेवढं तेल भरून द्या. हे लगेच बघायला गेले, नुसते बघून आले, कशाला शिवले नाहीत... आणि तेव्हापासून हा वास.

रात्रंदिवस एकच बडबड. "गाडी सपाट असेल तरच तेल खरं बोलतं." हे दादांचं वाक्य. म्हणजे काय, तर गिअरबॉक्सच्या कुशीला एक भोक असतं, त्यातून तेल भरायचं, ते भोकाच्या काठाला टेकलं की थांबायचं. ना कमी, ना जास्त. पण गाडी तिरकी असेल तर तेल एका बाजूला पळतं आणि तुम्हाला खुशाल फसवतं. आता एवढं कळल्यावर माणूस भरून मोकळा होईल की नाही? हे चार दिवस जेवले नाहीत धड. मी म्हटलं, अहो, तेल भरायचंय की ऑपरेशन करायचंय? तेव्हा कुठे खरं बाहेर पडलं.

चौदा वर्षांपूर्वी दादांनी मोठ्या विश्वासाने हेच काम यांच्यावर सोपवलं होतं. यांनी काय करावं? खाली शिरायला जागा पाहिजे म्हणून एका बाजूची दोन चाकं फुटपाथवर चढवली. गाडी कलंडली, सगळं तेल भोकाच्या बाजूला धावलं, बाहेर सांडायला लागलं, यांना वाटलं भरलं! अडीच लिटर पाहिजे, गेलं दीड. दोन महिन्यांनी उतारावर गिअरबॉक्स अडकला, गाडी कठड्यावर गेली, दादांच्या खांद्याचं हाड मोडलं. दादा सगळ्यांना सांगत राहिले, गिअरबॉक्सच कच्चा निघाला. आणि हे शेजारी बसून मान डोलावत राहिले. चौदा वर्षं! मलासुद्धा कळू दिलं नाही.

त्याच आठवड्यात शनिवारी दुपारी आम्ही ताईंकडे गेलो. यांनी गवंड्याकडून पाणसळ मागून आणलेली, ती मिशीएवढी काचेची नळी असते ना, आत बुडबुडा, तीच. गाडी चारी बाजूंनी उचलून चार लोखंडी घोड्यांवर टेकवली, मग पाणसळ दारावर लाव, बंपरवर लाव, आत सीटखाली लाव, इकडे घोड्याखाली एक पत्रा सरकव, तिकडे अर्धा पत्रा काढ. दीड तास नुसता बुडबुडा मधोमध आणण्यात गेला. मी हातात दिवा धरून उभी. मग हे खाली शिरले, खालचं बूच लावलं, पिचकारीने तेल भरलं, भोकात करंगळी घालून बघितलं, बरोबर काठाला लागलं. मी म्हटलं, झालं, चला. कुठलं! खालचं बूच उघडलं, सगळं काढलं, मापलं. अडीच. पुन्हा भरलं. पुन्हा काढलं. अडीच! चार वेळा, तुम्हाला सांगते, चार वेळा, आणि दर वेळी खालून पुटपुटणं, गाडी सपाट असेल तरच...

आणि चौथ्या वेळी बॉनेटवर दोनदा टकटक झाली.

दादांची सवय होती ती. खाली कुणी काम करत असलं की वरून दोन टिचक्या मारायचे, म्हणजे झालं का विचारायचे. हे खालून म्हणाले, "दिवा नीट धर, ठोकू नकोस." माझे दोन्ही हात दिव्याला. मी मनाशी म्हटलं, पत्रा तापतो, थंड होतो, वाजतो. मग आठवलं, ही गाडी पाच महिने सुरूच झालेली नाही. तापणार काय आणि थंड होणार काय?  खाली यांचेही हात थांबलेले मला दिव्याच्या उजेडात दिसले.

तेवढ्यात ताई चहा घेऊन आल्या. आणि या माणसाने, नुसते पाय बाहेर, बाकी सगळा गाडीखाली, तशा अवस्थेत चौदा वर्षांचं सगळं सांगून टाकलं. फुटपाथ, दीड लिटर, खांदा, सगळं. ताईंनी कप बाकावर ठेवला.

"त्यांना माहीत होतं," त्या म्हणाल्या. "अपघातानंतर गिअरबॉक्स उघडायच्या आधी त्यांनी तेल काढून मापलं होतं. दीडच निघालं."

खाली यांच्या हातातला पाना खणकन पडला.

"मग बोलला का नाही दादा?" यांनी खालूनच विचारलं.

"मीही विचारलं होतं. म्हणाले, सांगितलं तर तो दुरुस्त करायला येईल."

तुम्हाला सांगते, मला हसू आलं. ताईही हसल्या, मग खाली वाकून हळूच म्हणाल्या, "पहिली दोनतीन वर्षं वाट बघायचे, तुम्ही आपणहून सांगाल म्हणून. मग सोडून दिलं. राग नव्हता."

हे पाचव्यांदा भरायला लागले. करंगळी घातली. मापायला काढलं नाही. वरचं बूच लावलं, आवळलं, बाहेर आले, तोंड काळं, त्यावर दोन ओघळ. गाडी खाली उतरवली. ताई आत बसल्या, हे शेजारी बसले, आणि पाची गिअर असे पडले की लोण्यात सुरी. गेली की हो गल्लीच्या टोकापर्यंत, वळली, परत आली. यांनी कान लावून ऐकलं. गिअरबॉक्स गप्प.

त्या दिवसापासून घरातला वास गेला. मी म्हटलं, सुटले. कसली सुटते? कबुली दिल्यावर इतकं हलकं वाटतं हे यांना या वयात पहिल्यांदा कळलंय ना, आता रोज सकाळी एक कबुली. माझ्या आईची फुलदाणी मांजराने फोडली नव्हती. लग्नाआधी माझ्या पत्रांना उत्तरं यांचा मित्र लिहायचा. काल अकरावी झाली. मी ऐकते, हूं म्हणते, करते काय? आज सकाळी माझा हात हातात घेतला, डोळ्यांत पाणी, म्हणाले, "तुझंही काही मनात असेल तर सांगून टाक, फार बरं वाटतं."

मी म्हटलं, चहा निवतोय.