चिंचखेड खुर्दची पेटी

वाशीमहून केनवडले जायच्या बसमंधी माह्या मांगच्या सीटवर एक पोरगी धापा टाकत येऊन बसली. तिची मावशी जागा धरून बसलीच होती.

"सुचिता, आज तुह्यं साक्षगंध हाय. पाव्हणे निंगाले अन् नवरी हापिसात!"

"साहेब म्हणे, दीडशे गावाईचे फोल्डर बनव, मंग जाय."

"फोल्डर म्हंजे काय वं?"

"कम्प्युटरातली पेटी, मावशी. दर गावाची एक. तिच्यात नकाशाचा, फोटोचा अन् अर्जाचा असे तीन डबे."

"दीडशे पेट्या! मंग एवढ्या लवकर कशी सुटली?"

"हातानं नाई केल्या. कम्प्युटरलेच चार ओळी लिहून देल्या, का यादीतलं एकेक गाव घे अन् पेटी बनव. बटन दाबलं, चहा याच्या आंधी काम खतम. पण एक पेटी कमी भरली."

"काहून?"

"यादीत मी चिंचखेड दोनदा लिवलं, अन् खुर्द-बुद्रुक लिवाचंच राह्यलं. त्याले वाटलं एकच गाव हाय."

"खुर्दवाले अन् बुद्रुकवाले एका पेटीत? डोके फुटतीन माय!"

"म्हून तं नाव दुरुस्त केलं, पुन्हा बटन दाबलं. सुटली बाई एकदाची."

"पण दीडशातून एक कमी, हे तुले दिसलं कसं?"

"मी पयले चिंचखेड खुर्दचीच पेटी उघडाले गेली."

"थेच काहून?"

"असंच."

"अवं, जवायाचं गाव हाय थे!"

"हळू बोल नं मावशी, सारी बस आयकून राह्यली."

मी पटकन खिडकीबाहेर पाह्यलं.