माघारी आलेलं दूध

जुन्नर-येडगाव एसटीत भगवंतनं डोळे मिटले, पण मागच्या सीटवरच्या दोघींमुळं कान उघडेच राहिले.

"चिमाबाई, तुमची लेक यशोधरा शास्त्रज्ञ झाली अन् तिनं आमच्याच म्हशीचं दूध डेअरीतनं माघारी धाडलं!"

"तुमची म्हस दोनदा गाभडली, पारडं पोटातच गेली, ठकूबाई. असल्या रोगट दुधानं माणसालाबी ताप येतो. पंधरा वर्षं ती तेच तपासतीया."

"पर गावात आमची शोभा झाली ना!"

"तुमच्या सासूबाई आमच्या घरचं दूध विटाळ म्हणून ओसरीवरनंच माघारी धाडायच्या. तवा कुणी तपासलं व्हतं?"

ठकूबाईंचा आवाज खाली आला.

"सुनेला महिनाभर ताप येतोय, चिमाबाई."

"ठाऊक हाय. उद्या यशोधराच येतीया तिचं रक्त घ्यायला. अन् ती काय ओसरीवरनं माघारी फिरायची न्हाई."